कलर लागलाय, हात लावू नका

हिवाळा लागला की मुंबईत दर शनिवार-रविवारी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत कोणी ना कोणी ‘श्री’ होत असतो. कुणी वॉर्डाचा श्री, कुणी तालुक्याचा, कुणी नुसताच आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचा. त्यामुळे या दिवसांत लालबाग-परळकडे एक तांबडाकाळा दादा हमखास भेटतो. तो कशालाच टेकत नाही. भिंतीला नाही, खुर्चीला नाही, माणसाला तर नाहीच. दंड फाकवून चालतो, ती मस्ती नव्हे. काखेत घाम आला तर कलरला ओघळ जातील ही धास्ती.

चार महिने गोड-तळलेलं सोडून, उकडलेलं चिकन गिळून कमावलेले कट्स स्टेजच्या झगमगाटात गोऱ्या-गव्हाळ अंगावर सपाट दिसतात. म्हणून हा रंग. आदल्या दिवशी दादा अंगभर रेझर फिरवतो आणि आईकडे उटणं मागतो. पोरगा सुधारला, आता स्थळं बघायला हरकत नाही, असं त्या माउलीला वाटतं. त्याला फक्त मेलेली कातडी काढायची असते. रात्री धाकटा भाऊ हातमोजे चढवून स्पंज फिरवतो. कोपर, गुडघे, घोटे यांवर आधी थोडं मॉइश्चरायझर, कारण कोरडी कातडी रंग जास्त पिते. मग दादा टेबलफॅनसमोर हात पसरून उभा. आई आत जाऊन जुनी चादर शोधते.

या रंगातलं मुख्य रसायन डायहायड्रॉक्सिॲसिटोन, म्हणजे एक साखरच. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी तिचं जमतं आणि भट्टीत पावाची कड लाल होते तसं अंग लाल होतं. 1950च्या दशकात अमेरिकेत, सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात, या साखरेचं द्रावण आजारी पोरांना पाजताना अंगावर सांडलं आणि सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली. हा त्याचा इतिहास. दादाला तो ऐकवला तर विचारतो, “प्रोटीन किती होतं त्यात?”

खरी परीक्षा पुढे. मेला थर झडतो तसा रंगही पाच-सात दिवसांत उतरतो, आणि पुढच्या रविवारी दुसरा शो असतो. निदान पाया तरी टिकावा म्हणून दादा आठवडाभर सोवळ्यात. कोमट पाणी तांब्यानेच, साबण वर्ज्य, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. दोन्ही वेळा लोशन. डिओ बंद, कारण काखेत हिरवट छटा येते. एरवी पोहायला जाणारा हा गडी क्लोरिनच्या नावानेही दचकतो. वर पुन्हा बाहेर पडताना सनस्क्रीन! हा रंग ऊन अडवत नाही, हे त्याला कोचने बजावलेलं. पण मुद्दाम काळा झालेला माणूस काळं पडू नये म्हणून मलम चोपडतो, हे बघून शेजारच्या काकू पदर तोंडाला लावतात.

आणि नेमकी याच आठवड्यात चुलतबहिणीची हळद निघते. वाटी घेऊन बायका पुढे सरकतात, दादा मागे सरकत सरकत थेट जिन्यात. “कलर लागलाय, हात लावू नका!” आत्याला कमी दिसतं. ती त्याचा दंड धरते, बोट फिरवते, बोटाकडे बघते आणि घरात ओरडते, “अगं, याला कुणी लावली आधीच? आणि ही हळद एवढी करपली कशी?”