शिमल्यातल्या घरमालकांस, अर्थिंगविना राहणाऱ्या भाडेकरूकडून

आदरणीय अंकलजी,



पत्र मराठीत लिहितो आहे, कारण हिंदीत तुमच्याशी वाद घालून मी हरलो आहे. 'चालीस साल से कुछ नहीं हुआ' या तुमच्या मुद्द्यावर मला हिंदीत उत्तर सुचलं नाही. मराठीतही सुचलेलं नाही, पण निदान इथे तुम्ही मधेच उठून चहा टाकायला जाणार नाही.

आधी तुमच्या फ्यूजचं अभिनंदन. परवा बर्फ पडून गेलेली लाइट रात्री परत आली. वरच्या-खालच्या मजल्यांवरचे हीटर, गीझर, गरम चादरी सगळं एकदम सुरू झालं. पॅसेजमधल्या बोर्डातून जळक्या बॅकेलाइटचा वास सुटला आणि सॉकेटच्या भोकांतून लाल उजेड दिसू लागला. मेन स्विच मी ओढला. फ्यूज मात्र शाबूत होता. इतका निष्ठावान नोकर हल्ली मिळत नाही, म्हणून त्याचं दर्शन घ्यावं म्हटलं आणि सकाळी ते चिनी मातीचं फ्यूजचं किटकॅट उपसून पाहिलं.

अंकलजी, त्यात फ्यूज वायर नाहीच. सात तारांच्या जुन्या केबलमधून सोललेली एक जाड तांब्याची तार दुहेरी पिळून बसवली आहे. फ्यूज वायर केसासारखी असते, कारण तिला मरायचं असतं. पाच अँपिअरची वायर जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची, पंधराची अर्ध्या मिलिमीटरची. तुमच्या त्या एकेरी तारेलाच वितळायला साधारण 70 अँपिअर लागतात, आणि तुम्ही ती दुहेरी केलीत. भिंतीतली वायर आहे दीड स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची, तुमच्या वडिलांच्या वेळची. चार बल्ब, एक रेडिओ आणि फार तर इस्त्री एवढ्या हिशेबाने टाकलेली. तिने दहाएक अँपिअर वाहावेत. आज तिच्यावर तीन हजार वॅटचा गीझर आहे, म्हणजे 13 अँपिअर. दोन हजार वॅटचा हीटर, म्हणजे जवळजवळ 9. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. हे गणित दहावीच्या पुस्तकात आहे आणि दहावी तुम्ही फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्याचं तुम्हीच मला तीनदा सांगितलंत.

तेव्हा आता या घरात फ्यूज कुठे आहे, ते सांगतो. तो भिंतीत आहे. जे आधी वितळेल तो फ्यूज, आणि आधी वितळणार ती देवदाराच्या चौकटीत, माती-दगड भरलेल्या धज्जीच्या भिंतीमागची, उंदरांनी कुरतडलेली वायर. थंडीत उंदीरही ऊब शोधत घरात येतात. त्यांनाही तुम्ही भाडं न घेता ठेवलं आहे.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत. गीझरच्या तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांच्या सॉकेटात बसवला आहे. माळ्यावरचे जोड नुसते पिळून टेपने गुंडाळलेत आणि टेप केव्हाच सुटली आहे. थंड भिंतीवर दव धरून न्हाणीघराबाहेरच्या स्विचबोर्डातून पाणी ठिबकतं. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की बल्ब उजेड द्यायचा की नाही यावर विचार करतो.

अर्थिंगबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. तुम्ही मोठ्या अभिमानाने दाखवलंत : हिरवी तार, नळाच्या लोखंडी पाइपला घट्ट बांधलेली. पाइप जमिनीत जातो, म्हणून तोच अर्थ. पूर्वी असेल. पण मागच्या हिवाळ्यात तो पाइप गोठून फुटला आणि प्लंबरने अंगणातला तुकडा काढून तिथे काळा प्लास्टिकचा पाइप टाकला. आता हिरवी तार न्हाणीघरातल्या हातभर लोखंडाला बांधलेली आहे आणि त्यापुढे जमिनीपर्यंत प्लास्टिक. गीझरमधली गळती जमिनीत जाणार नाही, नळात येईल. येतेच आहे. टेस्टर लावला तर नळ दिवा दाखवतो. तुमची नात त्या नळाला हात लावून 'झिणझिण' म्हणाली, आणि तुम्ही हसून म्हणालात, 'थोड़ा करंट तो आता है'.

इथे माझी चेष्टा संपते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला 'थोडा' करंट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? 30 मिलिअँपिअरवर लाइन तोडणारं आरसीसीबी नावाचं यंत्र बाजारात मिळतं. 30 मिलिअँपिअर म्हणजे तुमच्या हीटरच्या करंटचा जवळपास तीनशेवा हिस्सा. माणसाच्या छातीतून जायला त्याहून जास्त नको म्हणून तो आकडा ठरला आहे. तुमच्या घरात तो आकडा मोजणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची नात. माफ करा, पण हे वाक्य मी खोडणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, शहरात हजार घरं अशीच आहेत. आहेत. गांधीहत्येच्या खटल्याचं अपील 1949 मध्ये जिथे चाललं, ते पीटरहॉफ 1981 मध्ये जळालं. गॉर्टन कॅसलला 2014 च्या जानेवारीत आग लागली. कारणांची चौकशी चौकशीवाल्यांना लखलाभ; मला एवढंच दिसतं की त्या बड्या इमारती होत्या, त्यांच्यापर्यंत बंब पोहोचू शकत होते. तुमच्या घरापर्यंत पायऱ्या आहेत. गॅस सिलिंडर आणणारा पोऱ्या मधे दोनदा टेकतो.

तरी एक गोष्ट मला नंतर कळली, आणि तेव्हापासून तुमच्यावर धड चिडताही येत नाही. ती दुहेरी तार तुम्ही आळसाने बसवलेली नाही. पूर्वी खरी फ्यूज वायर होती आणि थंडीत ती रोज रात्री उडायची. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिन्यातून ओरडायचे, 'अंकलजी, लाइट!' आणि गुडघे धरलेले तुम्ही दातांत टॉर्च धरून, सपाता घालून, बर्फ साचलेल्या सज्जातून त्या बोर्डापर्यंत जायचात. एकदा घसरून मनगट मोडलंत. त्यानंतर जाड तार आली. खालचे दोन जुने भाडेकरू देतात त्या भाड्यात महिन्याची भाजीही येत नाही, घर चार भावांच्या नावावर आहे आणि वायरिंगला पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या लागतात. त्यातले दोघे चंदीगडला असतात आणि फोन उचलत नाहीत.

हे सगळं मान्य करूनही, फ्यूज उडत होता तो तुम्हाला छळायला नव्हे. या घरात खरं बोलणारा तेवढाच एक होता, अंकलजी, आणि त्यालाच गप्प केलंत.

तुमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन काल येऊन गेला. म्हणाला, किटकॅट काढून बत्तीसचा एमसीबी टाकू, काम तमाम. त्याला हात लावू देऊ नका. दहा अँपिअरच्या वायरवर बत्तीसचा एमसीबी म्हणजे तीच पिळलेली तार, फक्त पांढऱ्या डबीत. गीझरला बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअरची तांब्याची लाइन हवी, हीटरच्या सॉकेटांना अडीचची, आणि त्या-त्या वायरला झेपेल तेवढाच एमसीबी. मीटरवरचा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागेल. तो अर्ज मी भरतो. अर्थिंगसाठी अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायचा, जिथे छपराचं पाणी उतरतं. कोरड्या खडकात आणि गोठलेल्या मातीत अर्थ लागत नाही. ओल हवी, आणि खोली हवी. हे सगळं झाल्यावर आरसीसीबी. तो पहिल्याच दिवशी उडेल, कारण गीझर गळका आहे. तेव्हा गीझर बदलायचा, आरसीसीबी नाही.

एवढा खर्च एकदम होणार नाही, हे मला दिसतं. गीझरची लाइन, अर्थिंग आणि आरसीसीबी आधी करू. पैसे मी घालतो, भाड्यातून वळते करून घेईन. चार भावांच्या सह्या त्याला लागत नाहीत. तोवर गीझर बंद, आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. तुमच्या नातीचंही. किटकॅटमध्ये मी भिंतीतल्या वायरला झेपेल एवढीच फ्यूज वायर घातली आहे. हीटरबरोबर आणखी जड काही लावलंत तर उडेल. उडाली की सज्जात जाऊ नका, मला हाक मारा. दातांतला टॉर्च आता माझा.

कळावे,
आपला वरच्या मजल्यावरचा

ता. क. : ती दुहेरी तार माझ्याकडे आहे. मागितलीत तरी परत मिळणार नाही.