पाच इंची धुणं

परवा समोरच्या विंगमधल्या काकूंचा आईला फोन आला. "यंदा कुरडया लवकर घातल्यास गं? आणि निळ्या कशा?" आई म्हणाली, "कुरडया कसल्या, चिरंजीवांचं धुणं आहे ते."

आमच्या गॅलरीत कपड्यांच्या स्टँडवर पाच इंची नऊ चकत्या वाळत होत्या. तीन नारिंगी, तीन निळ्या, तीन काळ्या. गाडीला मशीनने पॉलिश करायची ही फोमची पॅडं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःचा रुमालही धुतलेला नव्हता. ते पुण्य या पॅडांनी पदरात टाकलं.

सुरुवात झाली ती गाडी पुसायला येणाऱ्या मुलापासून. आमची गाडी काळी. काळी घेऊ नकोस, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणूनच घेतली. वर्षभरात तिच्या बॉनेटवर सकाळच्या उन्हात कोळ्याने जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसू लागले. या ओरखड्यांना स्वर्ल म्हणतात, हे मला पुढे कळलं. कारण मात्र लगेच सापडलं. हा मुलगा सोसायटीतल्या चौदा गाड्या एका बादलीत आणि एका फडक्यात उरकायचा. आमची चौदावी. म्हणजे आधीच्या तेरा गाड्यांची धूळ रोज आमच्याकडे पोचती व्हायची. मी त्याला स्वच्छतेवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं, त्याचं काम बंद केलं आणि स्वतः पॉलिशचं मशीन घेऊन आलो.

मशीन डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय छोट्या वर्तुळात हेलकावतं. पृथ्वीसारखंच, फक्त घाईत. गॅरेजमधली रोटरी नुसतीच गरगरते. ती नवशिक्याच्या हातात गेली तर रंग जाळू शकते. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. केसापेक्षा पातळ! पॉलिश करणं म्हणजे ओरखडे भरून काढणं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तोच पातळ थर आणखी थोडा घासून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करायचा असतो. हे कळल्यावर पहिल्यांदा मशीन लावताना माझा हात शाळेत वर्गापुढे कविता म्हणताना थरथरायचा तसा थरथरला.

बॉनेट मात्र झकास झालं. त्यात माझा चेहरा दिसला, आणि बिघडलं तिथेच. त्याच नारिंगी पॅडने मी दोन्ही फेंडर आणि चारही दारं उरकली. चौथ्या दाराशी पॅड हाताला शिळ्या भाकरीसारखं लागत होतं. कडेला कंपाउंडचे, म्हणजे पॉलिशच्या मलमाचे, पांढरे खडे चिकटले होते आणि मधोमध ते चांगलंच तापलं होतं. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळं छान दिसत होतं. सकाळी उन्हात पाहिलं तर दारांवर नवं जाळं! जुन्यापेक्षा नक्षीदार.

आई भाजी घेऊन येत होती. ती दारापाशी थांबली, माझ्या हातातलं पॅड घेऊन तिने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, फडकं मळलं की पुसणं थांबतं आणि सारवणं सुरू होतं."

यानंतर मी या विषयावर पुष्कळ व्हिडिओ पाहिले. जगभरचे दाढीवाले लोक अर्धा अर्धा तास बोलून त्याच वाक्यापाशी येतात. फोमच्या छिद्रांत वापरलेलं कंपाउंड आणि खरवडलेला रंग साचतो, छिद्रं बुजतात, पॅड तापतं आणि वाळलेले खडे पुन्हा रंगावर ओरखडे काढतात. म्हणून एक भाग झाला की फिरत्या पॅडवर ब्रश धरून मळ झाडायचा, दोन-तीन भागांनंतर पॅडच बदलायचं. एका गाडीला सहा पॅडं सहज लागतात. शिवाय एका पॅडला एकच कंपाउंड. भरड कंपाउंडचं पॅड फिनिशिंगला वापरलं, तर ते धुतलेलं असलं तरी भरवसा नाही. "एवढी पॅडं कशाला?" असं बायकोने विचारलं तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याचं फडकं, भांडी पुसायचं फडकं, टेबलाचं फडकं, फरशीचं पोतेरं. आईच्या राज्यात या चौघांचं एकमेकांशी पाणीसुद्धा चालत नाही. बायको काही बोलली नाही. पॅडांची पिशवी तिने माझ्या कपाटात, माझ्याच शर्टांवर ठेवली.

पहिलं धुणं मी वॉशिंग मशीनवर सोपवलं. गरम पाणी, जोरदार स्पिन आणि सोबत बायकोचा मोरपंखी कुर्ता. झाकण उघडलं तेव्हा फोम एकीकडे, त्यामागचे वेल्क्रोचे गोल दुसरीकडे, आणि कुर्त्यावर पांढरट राप. वेल्क्रो फोमला डिंकासारख्या चिकट थराने जोडलेला असतो आणि त्याला उष्णता सोसत नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी एका कुर्त्याच्या मोबदल्यात मिळालं. किंमत फक्त कुर्त्याची होती असं मी समजत होतो.

वेल्क्रोचं श्रेय एका स्विस इंजिनिअरला, जॉर्ज द मेस्ट्राल यांना जातं. 1941 साली आल्प्समध्ये कुत्र्याला घेऊन फिरताना त्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटली. ती मेस्ट्राल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांना आकडे दिसले. आपल्याकडे धोतराला कुसळं कित्येक पिढ्या चिकटत आली. आपण ती उपटली, चार शिव्या हासडल्या आणि पुढे चालू लागलो. मशीनच्या थाळीवर हेच आकडे असतात, पॅडच्या पाठीवर मऊ लव असते. आकडे कोणालाही पकडतात. एकदा त्यांनी दोरीवरची ओढणी पकडली होती. तीही मोरपंखीच होती.

आता मी हाताने धुतो. पॅड कोमट पाण्याखाली धरायचं, तोंडावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने कडेपासून मध्यापर्यंत चोळायचं आणि अंगठ्यांनी दाबायचं. पिळायचं अजिबात नाही. हे फार अवघड जातं, कारण ओलं काही हातात आलं की पिळायचं, हे मराठी मनगटात उपजतच असतं. पहिल्या पाण्याला तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी येतं, दुसऱ्याला ताकासारखं पातळ, आणि चौथ्याच्या सुमाराला नितळ. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी एकदा शेजारी उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. "दादा, एवढ्या वेळात माझी दोन घरं झाली असती," म्हणाल्या. हिशेब बरोबर होता. गाडीला दोन तास, पॅडांना अडीच.

पाणी काढायला एक सोपी युक्ती आहे. ओलं पॅड मशीनला लावायचं, रिकाम्या बादलीत खोलवर धरायचं आणि मंद गतीने फिरवायचं. मी बादली आणली होती. मंद गतीही ठाऊक होती. फक्त बटण आधी दाबलं आणि बादली नंतर आठवली. नुकतीच पॉलिश झालेली गाडी, शेजारची पांढरी स्कूटर आणि वॉचमन काका तिघांनाही सारखे शिंतोडे मिळाले. काका खिशातून रुमाल काढून शांतपणे म्हणाले, "साहेब, रंगपंचमी झाली ना?"

वाळवणं सर्वांत कंटाळवाणं. सावलीत, वेल्क्रोची पाठ वर आणि फोमचं तोंड खाली, म्हणजे पाणी चिकट थराकडे न साचता खाली निथळतं. पुण्याच्या पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात. ओलसर राहिलं तर कुबट वास येतो, आणि बॅगेत घालायची घाई केली तर बुरशी. पूर्ण वाळलं की चेन असलेल्या पिशवीत, वर मार्करने लिहून. कारण रंगांचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकीचं नारिंगी भरड, तर दुसरीचं मध्यम.

तर परवा काकूंच्या फोननंतर मी पॅडं आवरायला गेलो. मोजली तर आठ. सगळ्यांत मऊ, काळं, शेवटचा हात फिरवायचं, सगळ्यांत महागडं पॅड गायब होतं. शोधत देवघरापाशी आलो. आई पाटावर बसली होती. समोर तांब्याचं ताम्हन, पितांबरीची पुडी, आणि तिच्या मुठीत माझं काळं पॅड. ताम्हनात तिचं नाक स्पष्ट दिसत होतं.

"आई! एका पॅडला एकच कंपाउंड चालतं. आता ते गाडीला लावता येणार नाही."

"असं होय?" आईने पॅड उलटून पाहिलं, पिशवीत घातलं, मार्कर मागून घेतला आणि वर लिहिलं, 'ताम्हन'. "मग हे माझं."