तांब्या जरा खाली ठेवा

आमच्या मुलखात झाडं पाण्यावाचून मरतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. घरात ठेवलेली झाडं मात्र पाण्यानं मरतात, हे दहादा सांगितलं तरी कुणाला पटत नाही.

मन्नाएखेळ्ळी हे बिदर जिल्ह्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. इथं एकाच चहाच्या टपरीवर कन्नड, मराठी, दखनी आणि थोडी तेलुगूही ऐकू येते, आणि चारही भाषांत आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात. त्याला कारण आहे. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बिदरजवळ नौबादला बहामनी काळात जांभा खडक कोरून, जमिनीच्या पोटातून पाणी वाहून आणणारी करेझ बांधली, तीही काही हौसेखातर नव्हे. अशा मुलखात पाणी देणं म्हणजे पुण्य. उन्हाळ्यात स्टँडवर पाणपोई, महादेवाच्या पिंडीवर गळती, दारात तुळस. तेव्हा हैदराबादहून कुणी हौसेनं मॉन्स्टेराची कुंडी आणून बैठकीत ठेवली, तर थोडं पुण्य तिच्याही वाट्याला येणारच.

आमच्याकडे ते चहूबाजूंनी येतं. सकाळी आई तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं कुंडीत ओतते. आक्का तांदूळ धुतलेलं पाणी आणते, कारण त्यात ‘सत्त्व’ असतं. आण्णा गोळी घेतल्यावर पेल्यात राहिलेला घोट वाया जाऊ देत नाहीत. शाळेतून आलेलं पोरगं बाटली रिकामी करतं, म्हणजे आईला वाटावं की दिवसभर पाणी प्यायलं. यातल्या प्रत्येकाची खात्री असते की घरात झाडाची काळजी आपणच काय ती करतो. पंधरा-वीस दिवसांत खालची पानं पिवळी पडतात. मग सगळे कुंडीभोवती जमतात आणि एकमतानं निदान होतं, “सुकायलंय की लेकरू, पाणी कमी पडतंय बघ.”

चूक मायेची नाही, हिशेबाची आहे. हा हिशेब तुळशीवरून बसवलेला. तुळस अंगणात, दिवसभर उन्हात. तिचं सकाळचं पाणी दुपारपर्यंत ऊन पिऊन टाकतं, म्हणून तिला रोज पाणी लागतं. बैठकीतल्या झाडाला ऊन नाही, वारा नाही. त्यातून आमची जुनी माळवदाची घरं बांधलीच आहेत उजेड आणि उन्हाळा बाहेर ठेवायला. भिंती हात-दीड हात जाडीच्या, खिडकी नावापुरती. तिथं सोमवारचं पाणी पुढच्या सोमवारीही मातीत असतं. त्यावर रोज नवं पडत राहिलं की मातीच्या कणांमधली हवा संपते. मुळांनाही श्वास लागतो. तो कोंडला की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना समोरचं पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेल्यासारखं मान टाकतं, आणि ते पाहून कुणीतरी पुन्हा तांब्या उचलतं.

गंमत म्हणजे शेतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बिदर-कलबुर्गीचा हा पट्टा तुरीचा. गुलबर्गा तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काळ्या रानात पाणी साचलं की तूर उबळते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मोठा पाऊस झाला की आण्णा चिखल तुडवत जाऊन बांध फोडून पाणी काढून देतात. तेच आण्णा घरी येऊन, पाय धुऊन, पेल्यातला घोट मॉन्स्टेराला घालतात. शेतातलं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहत असावं.

आईचा युक्तिवाद वेगळा आणि जास्त शास्त्रीय आहे. पहिल्यांदा मॉन्स्टेरा पाहिला तेव्हाच ती म्हणाली, “हे तर आळूच आहे की!” वनस्पतिशास्त्रही तेच म्हणतं. मॉन्स्टेरा, मनीप्लँट, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनेमा, डिफेनबॅकिया, झेडझेड ही दुकानात भाव खाणारी सगळी मंडळी आळू-सुरणाच्या कुळातली. डिफेनबॅकियाचं पान चावलं तर तोंडाला जी आग होते, तीही कच्च्या आळूच्या खाजेसारखी सुईदार स्फटिकांमुळेच. म्हणून ते लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नये. आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर आळू पिढ्यान्‌पिढ्या डुलतंय, त्याला कुणी कधी पाणी मोजून घातलं नाही. पण कूळ एक असलं तरी स्वभाव एक नसतो, हे भावकीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आळू चिखलात सुखी. मॉन्स्टेरा मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या रानातला; तो मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढतो, त्याची मुळं पाचोळ्यात आणि हवेत वाढतात. त्याला लाल माती, जुनं शेणखत, नारळाचा भुसा आणि थोडी जाड वाळू असं मोकळं मिश्रण हवं, आणि कुंडीला भोक तर हवंच. काळ्या रानातली माती कुंडीत भरली की ती भिजल्यावर चिकटते आणि वाळल्यावर तडकते. मुळांना दोन्हीकडून मार.

गावानं मॉन्स्टेराला कधी गंभीरपणे घेतलंच नाही. त्याच्या पानांना मोठी भोकं असतात. शेजारच्या काकांनी ती पाहिली, चष्मा लावला, पान उलटसुलट केलं आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवरचं उरलेलं औषध फवारायला आणून दिलं. भोकं जन्मजातच असतात, आणि जास्त भोकांचं पान जास्त किमतीचं असतं, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपली तूर कुणी अशा भावानं घेतली असती तर!”

मनीप्लँटला मात्र गावात मान आहे. तो खानावळीत आहे, दवाखान्यात आहे, सोनाराच्या गल्ल्यामागं बाटलीत आहे. चोरून आणलेला मनीप्लँटच फळतो, अशी समजूत. ताहितीजवळच्या मूरेआ बेटावरून जगभर पसरलेल्या या वेलाला फूल जवळजवळ येतच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारं संप्रेरक त्याला धड तयार करता येत नाही, असं संशोधक सांगतात. फूल नाही तर फळ कुठलं? त्याचा सगळा विस्तार कांड्या तोडून लावण्यावर, म्हणजे बराचसा चोरीवरच चाललेला.

अशी झाडं घरात ऑक्सिजन सोडून हवा शुद्ध करतात, हा मजकूर आमच्या गटात दर आठवड्याला फिरतो. त्याचं मूळ 1989 साली नासासाठी बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांत आहे. 2019 साली फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र तपासले. खऱ्या घरात खिडकी-दारातून होणाऱ्या हवापालटीची बरोबरी करायची तर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा हिशेब निघाला. तेवढी ठेवली तर माणसांनी ओसरीवर झोपायचं. त्यापेक्षा खिडकी उघडावी.

ही झाडं खरं तर एका गोष्टीला तहानलेली असतात, आणि ती तांब्यात मावत नाही: हवेतला ओलावा. चैत्र-वैशाखात पारा 40 ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचं लुगडं जेवण होईस्तोवर वाळतं. रानातल्या दमट सावलीची सवय असलेल्या पानांच्या कडा तेव्हा करपतात. बोअरच्या पाण्यातला क्षार त्यात भर घालतो. उपाय आमच्या घरातच उभा असतो, कूलर. त्याच्या थेट झोतात नाही, पण बाजूच्या कोपऱ्यात झाडं एकत्र ठेवली की पानं टवटवीत राहतात. अडचण एवढीच, की तो कोपरा आण्णांच्या खाटेचा. ज्यांना हा तंटा नको त्यांनी स्नेक प्लँट किंवा झेडझेड घ्यावं. दोघं आफ्रिकेतले, एक पानांत पाणी साठवतो, दुसरा मातीखालच्या बटाट्याएवढ्या गाठींत. महिनाभर विसरलात तरी तक्रार नाही. स्वभावानं आपल्या दुष्काळी पट्ट्यातलेच.

बाकीच्यांसाठी नियम एकच. मातीत दोन पेरं बोट घालावं. गार, ओलं लागलं तर परत फिरावं. पण परत फिरणं मायेच्या माणसाला जमत नाही. हात रिकामा राहिला की तो तांब्याकडे जातो. म्हणून मी आईच्या हाती ओलं फडकं दिलं. महामार्गाची आणि मळणीची धूळ पानांवर बसली की त्यांना उजेडही मिळत नाही. ती पुसणं ही खरी सेवा. आई आता एकेक पान पुसते, त्याच्याशी बोलते, आणि झाड वाढलंय.

वाढलं तसे मागणारेही वाढले. उसाचं बेणं लावणाऱ्यांना पेर आणि डोळा समजवावा लागत नाही, त्यामुळे कांडी नेमकी कापली जाते. मी प्रत्येकाला मिश्रण सांगतो, बोटाचा नियम सांगतो, तांब्याबद्दल बजावतो. माणूस मान डोलावून निघतो. आई त्याला दारापर्यंत सोडायला जाते आणि हळूच सांगते, “तो काय बी म्हणू दे. तू रोज थोडं पाणी घालत जा.”