चवीपुरते नव्हे, वाटीभर मीठ

नाताळची सुट्टी लागली की मुलांना हातांनी काहीतरी घडवू द्यावे, असे शहाणी माणसे सांगतात. ही माणसे नंतर फरशी पुसायला येत नाहीत. तरीही झाडावर टांगायला मीठ-मैद्याचे तारे घरी करायचेच असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनी पुढील पद्धत काटेकोर पाळावी.

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटीच्या आसपास पाणी. मीठ ओतताना सासूबाई स्वयंपाकघरात नसाव्यात. असल्या, तर "अगं, अन्न आहे ते" हे येणारच. त्यावर दिव्याच्या अवसेच्या कणकेच्या दिव्यांचा दाखला देण्याचा मोह आवरावा. त्या दिव्यांत गूळ असतो आणि ते तूप घालून खाल्ले जातात, हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक असते. मी दाखला दिला होता. रात्रीची आमटी अळणी आली. घरातले मीठ संपले, असे कारण कळवण्यात आले.

पीठ पुरीच्या पिठाइतके घट्ट हवे. दहा मिनिटे मळा. चिकटले तर मैदा भुरभुरा, भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा. मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. साचे नसतील तर वाटी आणि करंजीचे कातणे यांवर भागते. तारा कापला की लगेच स्ट्रॉने वर भोक पाडा, जरा ऐसपैस. भोक राहिले तर जे तयार होते त्याला पेपरवेट म्हणतात. आमच्याकडे सध्या अकरा आहेत. एवढे कागद नाहीत.

यापुढचे काम भाजण्याचे नसून वाळवण्याचे आहे: ओव्हन १२० अंशांवर, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाईने १८० केलेत, तर तारे फुगतात, तांबूस होतात आणि थेट नानकटाई दिसू लागतात. शेजारच्या काकांनी चहाबरोबर एक उचलला. सभ्य माणूस, थुंकले नाहीत. फक्त निघताना आपल्या रक्तदाबाचा विषय काढला. ओव्हन नसेल तर कुरडयांसारखे जाळीखाली, उन्हात, तीन-चार दिवस. आणि घरात कुत्रा असेल तर थट्टा बाजूला ठेवा. एवढे मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा तारे त्याच्या उडीच्या वर टांगा.

रंग अ‍ॅक्रिलिकच वापरा. जलरंगातले पाणी पिऊन तारा पुन्हा मऊ पडतो. त्यावर वार्निश: पुढून, मागून, कडांना, भोकाच्या आतूनही. मुंबईत यात आळस चालत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढते. जुलैत बरणीतल्या मिठाचे काय होते ते आठवा.

मी मागची बाजू राहू दिली होती. कोण बघतंय मागून? तारे खोक्यात घालून माळ्यावर टाकले. पुढच्या डिसेंबरात खोके उघडले, तेव्हा सगळे तारे एकमेकांच्या गळ्यात पडलेले होते आणि सांताक्लॉजची दाढी पोटापर्यंत ओघळली होती. सासूबाईंनी वाकून पाहिले, एक तारा बोटाने दाबला.

"पाणी जास्त झालं होतं," असे म्हणून त्यांनी परात काढली.