दरीचा बेत

उन्हाळ्याची सहल म्हटली की माणसं महाबळेश्वरकडे बघतात. आमच्या पारगावात (कारखान्याच्या, आळ्याकडच्या नव्हे, नाहीतर पाहुणे जुन्नर तालुक्यात जाऊन उतरतात) बेत शिजतोय तो निघोजच्या रांजणखळग्यांचा. तोही वैशाखात! काळ्या पाषाणाची घळ, डोक्यावर सावली नाही, आणि मधून कुकडी.

याचं मूळ अमेरिकेत आहे. पुतण्या ॲरिझोनात असतो. "काका, जूनमध्ये या, ग्रँड कॅन्यनमध्ये नदीपर्यंत उतरू," असं त्याचं आवतण आलं. विमानाचं भाडं ऐकलं आणि मला कुकडी आठवली.

तिकडची माहिती मात्र मन लावून वाचली. दरी दीड किलोमीटरहून खोल, उन्हाळ्यात तळाशी पारा सहज चाळिशी ओलांडतो. शिवनेरीवर दम आधीच लागतो, त्यामुळे न झेपणारा माणूस खालच्या दरवाजातच बसकण मारतो. दरीत सगळं उलटं. हौशी माणूस गाणी म्हणत उतरतो आणि चढ सुरू होतो तेव्हा ऊन माथ्यावर असतं. म्हणून तिथले रेंजर बजावतात: एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, दहा ते चार उन्हात चालू नका, नुसतं पाणी पिऊ नका, सोबत खारट काहीतरी खा.

हे आईला वाचून दाखवलं. "मग यात नवीन काय सांगितलं त्यांनी?" म्हणाली. कांदाकाढणीला ती तांबडं फुटायच्या आत रानात असायची. ऊन चढलं की झाडाखाली भाकरी आणि मीठ घातलेलं ताक.

आता घोडं अडलंय ते निघायच्या वेळेवर. पोरं म्हणतात आठला. पोरांच्या आठचे दहा वाजतात, म्हणजे रेंजरांनी नको म्हटलेल्या नेमक्या मुहूर्तावर आम्ही तापल्या खडकावर उभे. खुद्द कुकडीला असली घाई कधीच नव्हती. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं गरगर फिरत राहिले, तेव्हा कुठे त्या बेसाल्टात रांजण कोरले गेले. आमचा बेत त्यामानाने लवकर ठरतोय.

तर आईच्या हुकमानं पहाटे पाचला निघायचं आहे. टाकळी हाजीच्या बाजूनं जाऊ. येणाऱ्यांनी पाणी, टोपी नि खारे शेंगदाणे आपापले आणावेत. पोहायचे कपडे मात्र घरीच ठेवा. खळग्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि पाण्याचा तळ दिसत नाही.