बिनपगारी हुद्दा

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाची नोकरी कुठलीही असो, एक बिनपगारी हुद्दा त्याला जन्मभर सांभाळावा लागतो. बाहेरगावच्या लोकांना कुठं खायचं ते सांगण्याचा. या हुद्द्याला रजा नाही, निवृत्ती नाही आणि राजीनामा दिला तरी कुणी स्वीकारत नाही.

नवरात्र, नाताळची सुट्टी किंवा जोडून आलेला शनिवार-रविवार जवळ आला की फोन सुरू होतात. "अगं, अंबाबाईच्या दर्शनाला येतोय. मिसळ कुठली खायची?" दर्शनाचा उल्लेख पहिल्या वाक्यात येतो आणि तिथंच संपतो. मंदिर किती वाजता उघडतं, रांग कुठून लागते, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मिसळीमागून अटी येतात. पुण्याच्या मावसभावाची बायको या बाबतीत फार स्पष्ट आहे. "हे बघ, अस्सल कोल्हापुरी पाहिजे हं. फक्त तिखट नको. तेल कमी असलेलं बरं. आईंना कांदा-लसूण चालत नाही. गर्दी नको, गाडी समोर लावता आली पाहिजे. बाकी तू म्हणशील तिथं." मी मनातल्या मनात हिशोब करते. कोल्हापुरातून तिखट, तेल, कांदा, लसूण आणि गर्दी वजा केली की जे उरतं त्याला रंकाळा म्हणतात. तिथं कठड्यावर बसा आणि वारा खा. गाडीसुद्धा समोर लावता येते.

हॉटेल सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. चांगलं निघालं तर "आम्हीच शोधलं" आणि बिघडलं तर "हिनंच सांगितलं होतं". आणि दोन्ही प्रकरणांत पुढची काही वर्षं प्रत्येक कार्यात तो विषय निघतो.

त्यातून माझ्या बाबतीत एक तांत्रिक अडचण आहे. माझं माहेर सांगली. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण खाण्याच्या बाबतीत मधे सरहद्द आहे. सांगलीकराला भडंगावर बोलायचा अधिकार आहे, हे कोल्हापूर नाइलाजानं मान्य करतं. त्यापलीकडं तोंड उघडलं की संपलं. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्यावर, एकदा पाहुण्यांसमोर मी मिसळीबद्दल मत द्यायला लागले, तर सासरे शांतपणे म्हणाले, "पोरी, तू भडंगाचं सांग. मिसळीचं मी बघतो." त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा मिसळीचं बघतात म्हणजे बाकी सगळ्या मिसळी मोडीत काढतात.

फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग ही नावं बाहेरच्यांना आधीच पाठ असतात. पाहुणे उद्यमनगरात फडतऱ्यांकडं जायचं ठरवूनच आलेले असतात. मला विचारतात ते फक्त शिक्का मारून घेण्यासाठी. पण हा शिक्का मामांच्या ताब्यात आहे. "तिकडं कशाला जाताय? सगळं पुण्या-मुंबईचं पब्लिक असतंय तिथं." समोर बसलेले पाहुणे पुण्या-मुंबईचंच पब्लिक आहेत, ही गोष्ट मामांच्या दृष्टीनं गौण असते. पाहुण्यांनाही ते पटतं, हे विशेष. पुण्याच्या माणसाला आपण सोडून बाकीचे पुणेकर गर्दी वाटतात.

"मग कुठं जाऊ?" असं विचारलं की मामा जो पत्ता सांगतात त्यात हॉटेलचं नाव नसतं. "तालमीपास्नं सरळ जावा. डाव्या हाताला सायकलचं दुकान हुतं. आता न्हाई ते. तितनं आत वळा." नसलेल्या सायकलच्या दुकानापासून आत वळून पाहुणे तिथं पोचतात तोवर दहा वाजून गेलेले असतात आणि कट संपलेला असतो. मामा म्हणतात, "मग? चांगली मिसळ दहानंतर मिळंल कशी?" वेळेच्या बाबतीत मात्र मी मामांच्या बाजूची आहे. मिसळ हा इथं सकाळचा कार्यक्रम आहे. दुपारी एक वाजता ती मागणाऱ्याकडं वेटर जरा काळजीनं बघतो.

मिसळ समोर आल्यावर पाहुण्यांचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, लिंबाची फोड, बाजूला ब्रेडच्या स्लाइस आणि वेगळ्या भांड्यात लालभडक कट. पहिली पाच मिनिटं फोटोत जातात. तेवढ्यात शेव मऊ पडते. मग कुणीतरी "पाव नाही का?" म्हणून विचारतं. नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस. ती कटात बुडवायची, आणि ती तुटून पडायच्या आत तोंडात घालायची. हे कौशल्य आहे आणि ते लहानपणीच यावं लागतं. पहिल्या घासाला पाहुणे म्हणतात, "अरे, एवढी काही तिखट नाही!" आमच्या टेबलावर त्यावर कुणी काही बोलत नाही. कोल्हापुरी तिखट जिभेवर थांबत नाही, ते सावकाश कानाकडं जातं. चौथ्या घासाला पाहुणे दही मागवतात. सहाव्याला बोलणं बंद होतं. संपल्यावर मात्र घाम पुसत, नाक ओढत, विजयी मुद्रेनं म्हणतात, "वा! अजून थोडा कट मिळेल?" एवढ्यासाठी मी त्यांना सगळं माफ करते.

सगळ्यात चांगली मिसळ कुठली, या प्रश्नाला कोल्हापुरात उत्तर नाही. इथं फक्त आमची आणि त्यांची अशा दोन मिसळी असतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पेठापेठांत जो आवेश संचारतो, तोच वर्षभर मिसळीच्या बाबतीत चालू असतो. नवऱ्याच्या एका मित्राला दुसऱ्या पेठेतली मिसळ मनापासून आवडते. तो तिथं हेल्मेट घालून जातो. कोल्हापुरात गावातल्या गावात हेल्मेट घातलेला माणूस दिसला तर तो वाहतुकीचे नियम पाळतोय असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

दुपारच्या जेवणाची चौकशी सुरू झाली की प्रकरण आणखी गंभीर होतं. तांबडा-पांढरा हे दोन शब्द सगळ्यांना माहीत असतात, पण पांढऱ्याचं काय करायचं हे नसतं. मटण शिजवताना जे पाणी सुटतं ते अळणी. घरात ते आधी लहान पोरांना, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मिळतं. त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ आणि अख्खा गरम मसाला पडला की पांढरा. भाजलेलं खोबरं, मिरची आणि कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा. ही चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढायची ओली चटणी नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाले भाजून, डंकावर कांडून आणलेलं वर्षाचं तिखट. ती कांडायच्या दिवशी सगळी गल्ली शिंकत असते आणि कुणाची तक्रार नसते. पाहुण्यांपैकी एकजण पांढरा रस्सा भातावर घेतो, एकजण तो जेवणाआधीचं सूप समजून पिऊन मोकळा होतो, आणि एकजण वाटीकडं बघत विचारतो, "हे दोन्ही एकत्र करायचं असतं का?" काहीही करा. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा मागता येतो, आणि वाढणारा तुमच्या चेहऱ्यावरून काय वाढायचं ते ओळखतो.

मटणाच्या बाबतीत या गावाला चेष्टा खपत नाही. आंदोलन करून टोल घालवणारं गाव आहे हे. २०१९च्या अखेरीस मटणाचा दर वाढला, तेव्हा इथं रीतसर कृती समिती स्थापन झाली, बैठका झाल्या, निवेदनं दिली गेली आणि मटणाची विक्री बंद पडण्यापर्यंत वेळ आली. कांद्याच्या दरावरून सरकारं हलल्याचं आपण ऐकतो. मटणाच्या दरावरून कलेक्टर कचेरीची पायरी चढावी तर कोल्हापूरकरांनी. आषाढात त्र्यंबोली देवीची यात्रा सुरू झाली की गल्लीगल्लीत मंडळांची जेवणं उठतात आणि तेव्हा हॉटेलात जेवणारा माणूस एक तर परगावचा किंवा भांडण झालेला.

आता जी गोष्ट सांगते ती आमच्या घरात अजून हळू आवाजात बोलली जाते. एका पाहुण्यांनी, मामा शेजारी बसलेले असताना, मेन्यूकार्ड मिटून वेटरला सांगितलं, "एक व्हेज कोल्हापुरी." वेटर तरुण होता, त्यानं लिहून घेतलं. मामांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. व्हेज कोल्हापुरी हा पदार्थ कोल्हापुरातल्या एकाही घरात होत नाही. फ्लॉवर, गाजर, वाटाणा आणि फरसबी यांना लाल रंगात बुडवून आमच्या गावाचं नाव कुणी दिलं याचा शोध लागलेला नाही, आणि तो माणूस सापडू नये अशीच मी अंबाबाईला प्रार्थना करते, कारण मामांचा तालमीचा हात अजून शाबूत आहे. पण बाहेर मागणी आहे म्हणून इथल्या हॉटेलांनाही ती ठेवावी लागते. मामा जेवण संपेपर्यंत पाहुण्यांशी हवापाण्याबद्दलच बोलले.

शाकाहारी पाहुण्यांची सोय लागत नाही असं नाही. त्यांना मी सरळ पन्हाळ्याला पाठवते. तिथं बायका चुलीवर भाकरी थापून देतात, बरोबर झुणका, खर्डा आणि दही. गार वारा असतो, समोर दरी असते. तिथून आलेल्यांची कधी तक्रार आली नाही. पुण्याच्या, कांदा न खाणाऱ्या त्या आईसुद्धा तिथं झुणका खाऊन आल्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

संध्याकाळ खासबागेकडं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान तिथं आहे आणि त्याच्या सावलीत राजाभाऊची भेळ. मैदान बघायला आणलेल्या पाहुण्यांना मी भेळ खायला घालते, की भेळ खायला आणलेल्यांना मैदान दाखवते, हे पाहुण्यांच्या वयावर अवलंबून असतं. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, त्यांची धार काढायची आणि तेच फेसाळतं दूध ग्लासातून तुमच्या हातात. पैलवानांच्या गावाची ही सवय. मुंबईच्या एका भाचीनं गवळ्याला विचारलं, "काका, हे पाश्चराइज्ड आहे का?" काकांनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं भाचीकडं बघितलं. "नवी हाय वाटतं," असं काका म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पेयांचा विषय निघालाच आहे तर दादरच्या काकांचं सांगायला हवं. सोळंकींकडचं कॉकटेल प्रसिद्ध आहे, एवढंच त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले. काकू सोबत येते म्हणाल्या तर त्यांना गुडघ्यांची आठवण करून दिली. तिथं त्यांच्यासमोर उंच ग्लासात आइस्क्रीम, फळांच्या फोडी आणि सुकामेवा आला. काका मधुमेही. म्हणजे जे पथ्य मोडायचं ठरवून गेले होते ते राहिलं बाजूला आणि भलतंच मोडलं. घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं खरं सांगितलं, आणि काकूंचा त्यावर विश्वास बसला नाही.

मला कुणी माझी स्वतःची आवड विचारत नाही. (सांगली.) पण विचारलीच तर मी मिसळ किंवा मटण म्हणणार नाही. मी जिलेबी म्हणेन. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला कोल्हापूर सकाळी झेंड्याला सलाम करतं आणि लगेच जिलेबीच्या रांगेत उभं राहतं. माळकर तिकटीपासून थेट उपनगरापर्यंत चौकाचौकांत कढया लागतात, आणि कागदाच्या पुड्यात गरम जिलेबी घेऊन लोक देशभक्तीपर गाण्यांच्या कर्ण्याखाली उभ्यानंच खातात. त्या दिवशी पेठ नसते, तालीम नसते, कुठली चांगली हा वादही नसतो. सांगलीच्या सुनेलाही मतप्रदर्शनाची मुभा असते. मामा स्वतः पुडा पुढं करून विचारतात, "कशी हाय?" मी म्हणते, "जरा पाक कमी आहे." ते म्हणतात, "तू भडंगाचं सांग." पण पुडा मागं घेत नाहीत.

तेव्हा यंदा येणार असाल तर थोडं मनावर घ्या. मिसळीला नवाच्या आत पोचा. दुपारी जेवल्यावर झोपायची सोय बघून ठेवा, कारण तांबड्या-पांढऱ्यानंतर मोटार चालवणं धोक्याचं आहे. सगळ्यात चांगलं कुठं मिळतं असं रस्त्यावर कुणाला विचारू नका, तो तुम्हाला गाडीवर बसवून घेऊन जाईल आणि बिलही देऊ देणार नाही. फोन जरूर करा, शक्यतो मामा तालमीत गेलेले असताना. आणि व्हेज कोल्हापुरी तेवढी पुण्यातच खाऊन या.