डॉक्युमेंटेशन-मीमांसा, अर्थात अधिकारीनिर्णय

प्रोग्रामिंगच्या भाषेचे डॉक्युमेंटेशन चांगले कशाला म्हणावे, यावर वाद घालणाऱ्यांची संख्या ते डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त भरते. हे आम्ही येथे प्रमेय म्हणून मांडत आहोत. सिद्धता वाचकाने आपापल्या ऑफिसात करून पाहावी. ज्याचे काम खरोखर अडले आहे तो वाद घालत नाही, तो गुपचूप दुसऱ्याचा कोड उचलतो. वादाला बसायचे तर काम अडलेले नसावे लागते. म्हणजे या शास्त्राची उभारणी गरज नसलेल्यांनी केली आहे, आणि त्या बाबतीत ते इतर शास्त्रांहून फारसे निराळे नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत उद्धट पक्ष सूत्रवाद्यांचा. त्यांचा आधारग्रंथ म्हणजे ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे 1978 सालचे पुस्तक. पाने 228. हा आकडा सूत्रवादी कुठल्याही संभाषणात तिसऱ्या वाक्याच्या आत आणतो, मग समोरच्याच्या आवडत्या भाषेचे पुस्तक किती पानांचे आहे असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता उसासा टाकतो. त्याचे दुसरे दैवत म्हणजे युनिक्सचे पहिले मॅन्युअल, तारीख 3 नोव्हेंबर 1971. त्यात प्रत्येक कमांडचे नाव, वापर, वर्णन असे सगळे मोजक्या शब्दांत येते आणि शेवटाकडे ‘बग्ज’ असे स्वतंत्र शीर्षक लागते: यात काय बिघडलेले आहे, ते लिहिणाऱ्यांनीच सांगून टाकायचे. पुढे ‘ओनर’ या शीर्षकाखाली हा माल कोणाचा, तेही असे. आपल्या मालाची खोट आपणच छापायची आणि खाली नाव घालायचे, ही प्रथा पुढे वाढलेल्या सॉफ्टवेअर उद्योगाला झेपलेली दिसत नाही.

जोर चढला की सूत्रवादी पाणिनीपर्यंत जातो. (पुण्यातला सूत्रवादी सुरुवातच तिथून करतो.) याला निमित्तही आहे. भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या ज्या पद्धतीला संगणकशास्त्रात बॅकसचे नाव दिले गेले, तिला पाणिनीचेही नाव द्यावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी 1967 साली छापून मांडली होती. पण पाणिनीला साक्षीला बोलावताना सूत्रवादी उरलेली हकीकत गिळतो. सूत्रे सुमारे 4000. ती कळावीत, सुधारावीत म्हणून कात्यायनाची वार्तिके झाली, त्यांवर पतंजलीचे महाभाष्य झाले, महाभाष्य कळावे म्हणून कैयटाने ‘प्रदीप’ लिहिला, आणि तो प्रदीपही पुरेसा उजेड पाडीना म्हणून नागेशभट्टांनी, म्हणजे काशीत स्थायिक झालेल्या आपल्या काळ्यांनी, ‘उद्द्योत’ लिहिला. संक्षिप्त डॉक्युमेंटेशनची साखळी ही अशी काशीतल्या काळ्यांपर्यंत येऊन पोचते. शिवाय सूत्रे पाठ करायची असत आणि अर्थ सांगायला गुरू समोर बसलेला असे. युनिक्स आणि सी जिथे घडले त्या बेल लॅब्जमध्येही तेच. मॅन्युअलची ओळ कळली नाही तर उठून रिचींनाच विचारण्याची सोय होती. तो संक्षेप पुस्तकाला परवडला, कारण शेजारची खोली रिकामी नव्हती.

दुसरा पक्ष उदाहरणवाद्यांचा. ‘एक उदाहरण द्या, बाकीचे आमचे आम्ही पाहतो,’ एवढाच यांचा सिद्धान्त. एसटी स्टँडवर साऱ्या गाड्यांचे वेळापत्रक भिंतीवर रंगवलेले असते आणि त्याच भिंतीला टेकून माणसे चौकशीच्या खिडकीपुढे रांग लावतात, त्या रांगेतले हे लोक. यांचे तीर्थक्षेत्र पीएचपीचे मॅन्युअल. या भाषेत अक्षरांच्या ओळीत काही शोधायचे असेल तर ‘स्ट्रपॉस’ला आधी गवताची गंजी द्यावी लागते आणि मग सुई, यादीत शोधायचे असेल तर ‘इन-ॲरे’ला आधी सुई आणि मग गंजी. त्यामुळे मुरलेल्या माणसालाही मॅन्युअल उघडावेच लागते. भाषेची विसंगती हीच तिच्या डॉक्युमेंटेशनची वाचकसंख्या, असा एक उपसिद्धान्त यातून निघतो, पण तो आम्ही पुढे रेटत नाही. पान उघडले की उदाहरणवादी अधिकृत मजकुरावरून तडक खाली घसरतो, कारण तळाशी वाचकांनी लिहिलेल्या टिपा असतात. मूळ ग्रंथापेक्षा समासातल्या टिपेवर विश्वास जास्त, ही वृत्ती पोथ्यांच्या काळापासूनची आहे. उदाहरणांवरच सगळे उभे करून पाहावे म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोने 2016 साली ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचाच प्रकल्प काढला आणि 2017 साली तो गुंडाळला. लोकांना उदाहरण हवे असते; दुसऱ्यासाठी ते लिहायला बसावे असे फार थोड्यांना वाटते.

उदाहरणांत नावे कोणती वापरावीत, हे या पक्षाचे अंतर्गत भांडण आहे. ‘फू’ आणि ‘बार’ ही घराणी जुनी. फूची व्युत्पत्ती सांगणारा आरएफसी 3092 हा दस्तऐवज 1 एप्रिल 2001 रोजी निघाला. तारखेकडे लक्ष असू द्यावे. पायथनवाले माँटी पायथनला स्मरून ‘स्पॅम’ आणि ‘एग्ज’ म्हणतात.

तिसरा पक्ष कथावाद्यांचा; त्यांना थोडक्यात निपटतो. रुबी भाषेचे एक गाइड ‘व्हाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने कार्टूनमधल्या कोल्ह्यांच्या तोंडून सांगितले, आणि ऑगस्ट 2009 मध्ये ते आपल्या सगळ्या लिखाणासह अंतर्धान पावले. त्याच वर्षी ब्रेंट यॉर्गी यांनी हॅस्केल भाषेतल्या मोनॅड या अवघड संकल्पनेविषयी मार्मिक निदान केले. मनुष्य आठवडेच्या आठवडे झगडतो, शेवटी त्याला मोनॅड कळतो, आणि त्या क्षणी डोक्यात बरिटो असेल तर ‘मोनॅड म्हणजे बरिटो’ असा लेख लिहून मोकळा होतो. (बरिटो म्हणजे फ्रँकीचा मेक्सिकन चुलता.) झगडण्याचे आठवडे लेखात येत नाहीत, बरिटो तेवढा येतो.

चौथा पक्ष मौनवाद्यांचा, आणि आमच्या मते खरा विजय त्यांचाच आहे. हे डॉक्युमेंटेशन लिहितात, पण सांगत काहीच नाहीत. जावासोबत जावाडॉक हे साधन आले. कोडच्या डोक्यावर ठरलेल्या पद्धतीने टिपण लिहिले की त्यातून पाने आपोआप तयार होतात. मग टीम लीडने फर्मान काढले की एकही फंक्शन टिपणाविना राहता कामा नये. परिणामी ‘गेटनेम’वर लिहिले गेले: नाव परत देते. ‘सेटटाइमआउट’वर: टाइमआउट सेट करते. त्याखाली, पॅरामीटर टाइमआउट: टाइमआउट. आता हा टाइमआउट सेकंदांत द्यायचा की मिलिसेकंदांत, एवढीच एक गोष्ट जगात कोणालाही जाणून घ्यायची असते, आणि तेवढीच तिथे नसते. मीमांसकांनी वेदवाक्यांची विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद अशी पाच भागांत वाटणी केली. त्या चौकटीत हे केवळ नामधेय ठरते. मुखपृष्ठावरचे ‘वेगवान, हलकी, सुरक्षित’ हा अर्थवाद, म्हणजे स्तुती. तिला स्वतंत्र प्रामाण्य नाही, हेही मीमांसकांनी आधीच सांगून ठेवले आहे. विधी आणि निषेध शोधायला मात्र शेवटी कोडच उघडावा लागतो.

या धुमश्चक्रीत दानिएले प्रोचिदा यांनी तहाची कलमे मांडली. डॉक्युमेंटेशन चार प्रकारचे: शिकवणारे, काम करून देणारे, संदर्भाचे आणि समजावणारे, चौघांनी एकमेकांच्या पंगतीत बसू नये. या व्यवस्थेचे नाव डायटॅक्सिस. ती शहाणपणाची आहे. आमची तक्रार एवढीच की आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभीच अनुबंधचतुष्टय सांगून टाकत: अधिकारी कोण, विषय काय, त्यांचा संबंध काय, प्रयोजन काय. यातला पहिला प्रश्न वर उल्लेखिलेल्या चारही पक्षांनी गाळला आहे. प्रत्येक जण स्वतःला अधिकारी धरतो, त्यातही ज्या दिवशी ती भाषा आपल्याला पहिल्यांदा कळली त्या दिवशीच्या स्वतःला. म्हणून ज्याने जे वाचून भाषा शिकली ते त्याच्या लेखी आदर्श, आणि त्यानंतर आलेले सगळे एक तर पाल्हाळ किंवा पोरखेळ. पण अधिकारी एका दिवसातही टिकत नाही. सकाळी चहा घेत मेमरीचे तत्त्वज्ञान वाचणारा मनुष्य रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की त्याच पानाच्या लेखकाचे कुळ उद्धारतो. पान तेच, अक्षरही बदललेले नाही.

एक पाचवा अधिकारी मात्र शास्त्रकारांनीही नोंदवला नाही आणि प्रोचिदांनीही नाही. तो म्हणजे दोषैकदृष्टी वाचक. गरज नसताना, झोप येत नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दन् शब्द वाचणारा हा एकटाच. याला ओळखले डॉनल्ड क्नूथ यांनी. आपल्या पुस्तकात चूक दाखवील त्याला ते 2 डॉलर 56 सेंटचा चेक पाठवत, कारण 256 सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीचा एक डॉलर. मिळवणाऱ्यांतले कित्येक तो चेक वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीला लावत. बँकखात्याच्या फसवणुकीच्या धास्तीने 2008 साली खरे चेक बंद झाले. तेव्हापासून बक्षीस सान सेरिफच्या बँकेत जमा होते आणि तसे प्रमाणपत्र घरी येते. सान सेरिफ हे बेटांचे राष्ट्र ‘द गार्डियन’ने 1977 साली एप्रिल फूलसाठी शोधून काढले होते. तिथे खाते असलेली माणसे मॅन्युअल वाचतात.